भाववाढीचे मृगजळ आणि कष्टकऱ्यांची पुंजी

"जमिनीचा भाव कधी पडत नाही" हे वाक्य आज देशातील प्रत्येक मोठ्या शहराच्या वेशीवर फलकांच्या रूपाने उभे आहे. इंदूर असो की बडोदा, हैदराबाद असो की नागपूर, हमरस्त्याच्या दुतर्फा कालपर्यंत ज्वारी-कापूस पिकवणाऱ्या शेतांत आज चुन्याच्या रेषा मारलेल्या दिसतात आणि तेथे "आजच गुंतवा, उद्या दुप्पट मिळवा" असा कौल दिला जातो. निवृत्त कामगाराच्या हाती ग्रॅच्युइटीची व भविष्यनिर्वाह निधीची रक्कम पडते न पडते तोच त्याच्या दाराशी दलाल हजर होतो. शिक्षक, बँक कर्मचारी, एस. टी. कामगार, लहान शेतकरी या साऱ्यांना एकच मंत्र दिला जात आहे: पैसा बँकेत कुजतो, शेअरबाजारात बुडतो, जमिनीत मात्र तो वाढतच जातो.

हा प्रश्न पक्षाच्या व वर्गीय संघटनांच्या सभासदांपुढे वारंवार येत असतो. युनियनच्या कचेरीत कामगार विचारतो की, आयुष्यभराची पुंजी फ्लॅटमध्ये घालावी की घालू नये? या प्रश्नाला केवळ नैतिक उपदेशाने उत्तर देऊन भागणार नाही. विचारणारा कामगार सट्टेबाज नसतो. २००४ सालापासून केंद्र सरकारी सेवेत नव्याने येणाऱ्यांची निश्चित पेन्शन काढून घेण्यात आली. खाजगी क्षेत्रातील कामगारांची किमान पेन्शन २०१४ साली दरमहा १००० रुपये ठरवण्यात आली. म्हातारपणाच्या सुरक्षिततेची जबाबदारी राज्यसंस्थेने झटकली, तेव्हा ती सुरक्षितता बाजारात शोधण्याखेरीज त्याला मार्ग उरला नाही. बाजार त्याला कोणती सुरक्षितता देतो आणि कोणाची जोखीम त्याच्या खांद्यावर ठेवतो, याची रोखठोक तपासणी करणे हेच चळवळीचे काम आहे.

जमिनीची किंमत म्हणजे काय?

या तपासणीचा आरंभ मूळ प्रश्नापासून करावयास हवा. जमीन ही मानवी श्रमाची निर्मिती नव्हे. तिला उत्पादनखर्च नाही. मग तिला किंमत कोठून येते? मार्क्सने 'भांडवल'च्या तिसऱ्या खंडात याचा उलगडा केला आहे. जमिनीची किंमत म्हणजे तिच्यापासून मिळणाऱ्या खंडाचे, प्रचलित व्याजदराच्या मापाने केलेले भांडवलीकरण होय. एखाद्या भूखंडापासून वर्षाला ६० हजार रुपये भाडे मिळत असेल आणि व्याजाचा दर ६ टक्के असेल, तर त्याची किंमत १० लाख रुपये ठरते, कारण तेवढी रक्कम व्याजाने लावली असता तितकेच उत्पन्न मिळेल. व्याजदर ५ टक्क्यांवर उतरला की तोच भूखंड १२ लाखांचा होतो आणि ८ टक्क्यांवर चढला की साडेसात लाखांचा. मातीचा कणही हललेला नसतो, एक वीटही चढलेली नसते. तरी किंमत चढते आणि पडते.

दुसरा घटक याहून अधिक चंचल आहे. किंमत केवळ आजच्या भाड्यावर ठरत नाही, तर उद्या मिळू शकेल अशा भाड्याच्या अपेक्षेवर ठरते. विमानतळ येणार, मेट्रो येणार, नवी राजधानी होणार, चटई क्षेत्र वाढणार अशा वार्तांवर भाव दुप्पट होतात आणि वार्ता खोटी ठरली की कोसळतात. तात्पर्य, जमिनीचा भाव ज्या दोन खांबांवर उभा आहे त्यांपैकी एकही, व्याजाचा दर अथवा भविष्यातील अपेक्षा, घर घेणाऱ्या कामगाराच्या हाती नाही. पहिला खांब रिझर्व्ह बँक व वित्तीय भांडवल यांच्या ताब्यात आहे, दुसरा मंत्रालयांच्या व बिल्डरांच्या. चढउतार हा या बाजाराला कधीमधी जडणारा आजार नसून त्याचा स्वभावधर्मच आहे.

मंदी दिसत का नाही?

मग भाव पडत नाहीत ही समजूत इतकी बळकट कशी झाली? याचे कारण या बाजाराच्या रचनेत आहे. शेअरचा भाव रोज वर्तमानपत्रात छापून येतो. तो पडला की सर्वांना दिसतो. घराचा भाव मात्र ते विकावयास काढल्याशिवाय कळत नाही. मंदी आली की बिल्डर फलकावरचा दर खाली आणत नाही, कारण तसे केल्यास आधीचे ग्राहक खवळतात आणि बँकेकडे ठेवलेल्या तारणाचे मूल्य घसरते. तो दर कायम ठेवून मोटारीची जागा फुकट देतो, मुद्रांक शुल्क स्वतः भरतो, हप्ते पुढे ढकलतो. ही सवलत म्हणजे झाकून ठेवलेली भावघटच होय. दुसरीकडे, फ्लॅट विकू पाहणारा सामान्य मालक खरेदीच्या किमतीखाली उतरावयास तयार नसतो. गिऱ्हाइकाची वाट पाहत तो वर्ष, दोन वर्षे, तीन वर्षे थांबतो. अशा रीतीने घरबाजारातील घसरण किमतीत दिसण्याऐवजी काळात दिसते. पाच वर्षे भाव जागच्या जागी राहिला आणि महागाई दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढली, तर त्या घराने आपले पाचवा हिस्सा मूल्य गमावलेले असते, मालकाला मात्र काहीच गमावले नाही असे वाटत राहते. आणि ज्याला मुलीच्या लग्नासाठी वा आजारपणासाठी तातडीने पैसा उभा करावयाचा आहे, त्याला थांबणे परवडत नाही. चढउताराचा पूर्ण आघात त्याच्यावरच होतो, कारण पडत्या बाजारात विकण्याची सक्ती फक्त गरजूवर असते.

अनुभव काय सांगतो?

देशातील दोन उदाहरणे पुरेशी आहेत. दिल्लीलगतच्या नोएडा व ग्रेटर नोएडा पट्ट्यात शेतकऱ्यांकडून संपादन केलेल्या जमिनींवर हजारो सदनिकांच्या वसाहती जाहीर झाल्या. भाव चढत होते तोवर एका प्रकल्पासाठी ग्राहकांकडून गोळा केलेला पैसा दुसऱ्या जमिनी घेण्यात वळवला गेला. २०१३ नंतर विक्री मंदावली आणि हा डोलारा ढासळू लागला. २०१७ साली जेपी इन्फ्राटेक दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. वीस हजारांच्या आसपास कुटुंबे वर्षानुवर्षे न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिली. २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आम्रपाली समूहाची नोंदणी रद्द केली, ग्राहकांचा पैसा अन्यत्र वळवल्याचा निष्कर्ष नोंदवला आणि अपुरी बांधकामे पुरी करण्याचे काम सार्वजनिक क्षेत्रातील एनबीसीसीवर सोपवले. त्या एका प्रकरणात बेचाळीस हजारांहून अधिक ग्राहक अडकले होते. ते एकाच वेळी राहत्या जागेचे भाडे आणि न मिळालेल्या घराचा हप्ता असा दुहेरी भार वाहत होते. खाजगी नफेखोरीने उद्ध्वस्त केलेले काम शेवटी सार्वजनिक क्षेत्रालाच निस्तरावे लागले, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरे उदाहरण आंध्र प्रदेशातील अमरावतीचे. २०१५ साली नव्या राजधानीसाठी सुमारे ३३ हजार एकर जमीन शेतकऱ्यांकडून 'एकत्रीकरणा'च्या नावाने घेण्यात आली. मोबदल्यात रोख रकमेऐवजी विकसित भूखंड परत देण्याचे वचन मिळाले. कृष्णाकाठची तिपिकी जमीन देऊन शेतकरी भविष्यातील भावाचा भागीदार झाला. डिसेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने तीन राजधान्यांची घोषणा केली आणि भावाचा फुगा एका रात्रीत फुटला. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने अमरावतीच्या बाजूने निकाल दिला. जून २०२४ मध्ये पुन्हा सत्तापालट झाला आणि भाव पुन्हा उसळले. या नऊ वर्षांत पीकही नाही आणि भूखंडही नाही अशा अवस्थेत जे शेतकरी अर्ध्यावाटेत विकून मोकळे झाले, त्यांचे नुकसान भरून आले नाही. ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्या शेतमजुरांचा तर रोजगारच गेला. त्यांच्या वाट्याला दरमहा अडीच हजार रुपयांची तुटपुंजी मदत आली. भाव चढो वा पडो, त्यांचा त्या सौद्यात हिस्सा नव्हता.

परदेशांचा अनुभव वेगळा नाही. जपानमध्ये १९८९ ते १९९० या काळात मध्यवर्ती बँकेने आपला व्याजदर अडीच टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर नेला. १९९१ नंतर जमिनीचे भाव घसरू लागले आणि दशकाहून अधिक काळ घसरतच राहिले. "जमिनीचा भाव पडत नाही" ही तेथेही सर्वमान्य श्रद्धा होती. अमेरिकेत २००६ साली घरांच्या किमतींनी शिखर गाठले. दोन वर्षांत, १५ सप्टेंबर २००८ रोजी, लेहमन ब्रदर्स कोसळली. त्या देशाच्या सरकारने वित्तसंस्था वाचवण्यासाठी ७०० अब्ज डॉलरची तरतूद मंजूर केली, तर लक्षावधी कुटुंबांची घरे जप्त झाली.

चीनचा अनुभव पक्ष सभासदांनी विशेष बारकाईने अभ्यासावा. घरे राहण्यासाठी आहेत, सट्ट्यासाठी नाहीत, हे धोरण तेथे २०१६ सालापासून जाहीर करण्यात आले. परंतु स्थानिक सरकारांचे उत्पन्न जमिनीच्या भाडेपट्ट्यांवर अवलंबून होते आणि बांधण्याआधीच घरे विकून कंपन्या कर्जाचे डोंगर रचत होत्या. २०२० साली कर्जांवर निर्बंध घालण्यात आले, २०२१ साली एव्हरग्रांदची परतफेड थांबली, २०२२ साली अपुऱ्या इमारतींतील ग्राहकांनी अनेक शहरांत हप्ते देणे नाकारले आणि जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने ती कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. निवारा जेथे जेथे विक्रीमाल होतो आणि शासनाचा महसूल जमिनीच्या चढत्या भावाशी बांधला जातो, तेथे तेथे सट्ट्याला पालवी फुटते. सत्तेवर कोणता पक्ष आहे एवढ्यानेच हा नियम स्थगित होत नाही, हा त्यातील धडा आहे.

हप्त्याचे गणित

सामान्य कुटुंब चढउताराला सर्वांत आधी सामोरे जाते ते हप्त्याच्या रूपाने. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या व्याजदराची गृहकर्जे बाह्य निर्देशक दराशी जोडण्यात आली आहेत. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ च्या प्रारंभी ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहा टक्के झाला. २०२५ साली तो पुन्हा उतरू लागला खरा, पण मधल्या काळात काय घडले याचा हिशेब मांडून पाहावा.

एखाद्या कामगाराने ३० लाख रुपयांचे कर्ज वीस वर्षांसाठी ७ टक्क्यांनी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २३ हजार २६० रुपये येतो. दर अडीच टक्क्यांनी वाढून साडेनऊ झाला तर हप्ता सुमारे २७ हजार ९६० रुपये होतो. म्हणजे महिन्याला ४ हजार ७०० रुपये अधिक. पगार मात्र तेवढ्याच वेगाने वाढत नाही. अशा वेळी बँका हप्ता न वाढवता मुदत वाढवून देण्याची 'सवलत' देतात. ही सवलत कशी असते? कर्जाच्या आरंभीच दर ९ टक्के झाला आणि हप्ता पूर्वीचाच ठेवला तर वीस वर्षांचे कर्ज फेडण्यास सुमारे अडतीस वर्षे लागतील. दर साडेनऊ टक्के झाला तर ३० लाखांवरचे एका महिन्याचे नुसते व्याजच २३ हजार ७५० रुपये होते. म्हणजे पूर्वीच्या हप्त्यात व्याजसुद्धा भागत नाही आणि मुद्दल फिटण्याऐवजी फुगत जाते. ज्याने राहण्यासाठी घर घेतले तो पोटाला चिमटा घेऊन हप्ता भरतो. ज्याने भाव वाढतील या आशेवर दुसरे घर घेतले, त्याची अवस्था याहून बिकट होते.

त्या दुसऱ्या घराचा हिशेब असा. किंमत ५० लाख. स्वतःचे १० लाख, कर्ज ४० लाख. साडेआठ टक्के दराने वर्षाचे व्याज ३ लाख ४० हजार. स्वतःचे १० लाख साडेसहा टक्के दराने ठेवीत ठेवले असते तर मिळणारे ६५ हजार रुपये बुडाले. घरपट्टी, सोसायटीची वर्गणी, दुरुस्ती आणि घर रिकामे राहण्याचे महिने धरून आणखी ४५ हजार. एकूण साडेचार लाख. मोठ्या शहरांत घरभाडे किमतीच्या दोन ते तीन टक्क्यांपलीकडे सहसा जात नाही. तीन टक्के धरले तरी उत्पन्न दीड लाख. खाली उरली ३ लाखांची खोट, म्हणजे किमतीच्या ६ टक्के. घराचा भाव दरवर्षी न चुकता ६ टक्क्यांनी वाढत राहिला तर मालक जेमतेम मूळ जागी उभा राहतो. त्यात खरेदीच्या वेळी भरलेले मुद्रांक शुल्क व दलाली धरलेली नाही. आणि भाव २० टक्क्यांनी घसरला तर? पन्नास लाखांचे घर चाळीस लाखांचे झाले, कर्ज चाळीस लाखांचे उभेच. त्याची स्वतःची संपूर्ण पुंजी साफ झाली. कर्जाच्या बळावर चढता नफा जसा पाचपट दिसतो, तसाच उतरता तोटाही पाचपट होतो, हे मात्र फलकावर लिहिलेले नसते.

जोखीम कोणाची, नफा कोणाचा?

चढउतार सर्वांसाठी सारखाच असतो असे भांडवली अर्थतज्ज्ञ सांगतात. वस्तुस्थिती तशी नाही. मोठे भांडवल जोखमीतून बाहेर पडण्याची दारे स्वतःसाठी आधीच बांधून घेते. २०१४ साली सेबीने स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यासांचे म्हणजे 'रीट'चे नियम केले. एप्रिल २०१९ मध्ये असा पहिला न्यास, एम्बसी, शेअरबाजारात आला; त्याच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या ब्लॅकस्टोन या अमेरिकन वित्तसंस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये आपला उरलेला सर्व हिस्सा विकून टाकला. कोट्यवधी चौरस फुटांच्या कचेऱ्यांतील मालकी अशी बाजारात विकून मोकळे होता येते. कल्याणच्या वा पिंपरीच्या कामगाराला मात्र आपला एकच फ्लॅट विकावयास वर्ष लागते.

बुडीताचे ओझेही याच क्रमाने वाटले जाते. घरबांधणीला कर्जपुरवठा करणाऱ्या डीएचएफएलचे संचालक मंडळ नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बरखास्त केले. सुमारे ८७ हजार कोटींच्या दाव्यांसमोर २०२१ साली ३४ हजार २५० कोटींना ती कंपनी पिरामल समूहाकडे गेली. सार्वजनिक बँकांसह धनकोंनी उरलेल्या रकमेवर पाणी सोडले आणि त्या कंपनीत मुदत ठेवी ठेवणाऱ्या सामान्य ठेवीदारांना ठेवीचा लहानसा अंशच परत मिळाला. घरग्राहकांना २०१८ साली दिवाळखोरी कायद्यात वित्तीय धनकोचा दर्जा देण्यात आला, परंतु २०२० सालच्या दुरुस्तीने किमान शंभर अथवा एकूण ग्राहकांच्या दहा टक्के ग्राहक एकत्र आल्याशिवाय त्यांना दाद मागण्याची मुभाच राहिली नाही. एकट्या बँकेला जो हक्क आहे, तो एकट्या ग्राहकाला नाही.

आणि या साखळीच्या अगदी तळाशी उभा आहे बांधकाम कामगार. बाजार चढला की त्याला बारा-बारा तास राबवले जाते. बाजार पडला की सर्वांत आधी त्याचे काम बंद होते. बिल्डर ठेकेदाराचे बिल अडवतो, ठेकेदार मुकादमाचे, मुकादम बिगाऱ्याची मजुरी. तेलंगणाचा, छत्तीसगडचा, बिहारचा, मराठवाड्याचा मजूर अर्धवट इमारतीखालच्या पत्र्याच्या खोलीत थकलेल्या मजुरीची वाट पाहत बसतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत हाच कामगार शेकडो मैल पायी चालत गेला. १९९६ साली संघर्षातून मिळवलेला बांधकाम कामगारांचा स्वतंत्र कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू केलेल्या श्रमसंहितांनी गिळंकृत केला आहे. घरबाजाराच्या चंचलतेची चर्चा गुंतवणूकदाराच्या नफ्यातोट्यापाशी थांबते, आणि तिची खरी किंमत जो मोजतो त्याचे नावही त्या चर्चेत येत नाही.

शासन कोणाच्या बाजूला?

भाव पडू लागले की मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते शासनाकडे धाव घेतात, आणि शासनही तत्परतेने धावून येते. १९७६ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा झाला. जमिनीची साठेबाजी रोखणे हा त्याचा हेतू होता. पळवाटांनी तो पोखरला गेला हे खरे, पण त्या पळवाटा बुजवण्याऐवजी केंद्राने १९९९ साली आणि महाराष्ट्राने २००७ साली कायदाच रद्द केला. जमीन खुली झाली की घरे स्वस्त होतील असे त्या वेळी सांगण्यात आले होते. कष्टकऱ्यांना परवडतील अशी घरे आजतागायत आलेली नाहीत. मुंबईच्या गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचे काय झाले हे सर्वश्रुत आहे. १९९१ च्या नियमाने एक तृतीयांश जमीन खुल्या जागांसाठी व एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी मिळावयाची होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती आक्रसली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरवली. १९८२ च्या संपात ज्या अडीच लाख कामगारांनी झुंज दिली, त्यांच्या वारसांतील बहुसंख्य अद्याप घराच्या सोडतीची वाट पाहत आहेत आणि त्याच जमिनीवर आकाशाला भिडणारे मनोरे उभे आहेत. २०२० साली महासाथीच्या मंदीत महाराष्ट्र शासनाने मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणले आणि पाठोपाठ २०२१ साली बिल्डरांना भरावयाच्या अधिमूल्यात निम्मी सूट दिली. भाव चढतात तेव्हा नफा खाजगी. पडतात तेव्हा तो सावरण्याचा खर्च सार्वजनिक.

या साऱ्याचा निचोड दोन आकड्यांत दिसतो. २०११ च्या जनगणनेनुसार शहरी भारतात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी होती. २०१२ साली सरकारच्याच तज्ज्ञगटाने शहरी घरांची तूट १ कोटी ८८ लाख असल्याचे सांगितले आणि त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक तूट दुर्बल व अल्प उत्पन्न गटांची होती. घरे रिकामी, कारण ती साठवणीचा माल आहेत. माणसे बेघर, कारण ती गिऱ्हाईक होऊ शकत नाहीत.

कष्टकऱ्याने काय करावे?

१८७२ साली एंगल्सने घरांच्या प्रश्नावरील लेखमालेत दाखवून दिले होते की, प्रत्येक कामगाराला छोट्या घराचा मालक करून टाकल्याने भांडवलशाहीतील निवाऱ्याचा प्रश्न सुटत नाही. उलट कर्जाने बांधलेला कामगार मालकापुढे अधिक हतबल होतो. हप्ता थकेल या भीतीने संपात उतरावयास कचरणारा तरुण आज प्रत्येक औद्योगिक वसाहतीत भेटतो. परंतु यावरून, कामगाराने घर घेऊच नये असा निष्कर्ष काढणे हा पढीक कर्मठपणा ठरेल. भाड्याच्या खोलीतून केव्हाही बाहेर काढले जाण्याच्या भीतीपेक्षा डोक्यावरचे स्वतःचे छप्पर मोलाचे आहे. म्हणून राहण्याचे घर आणि सट्ट्याचे घर यांत काटेकोर फरक करावयास हवा.

राहण्यासाठी घर घेणाऱ्याने आजचा हप्ता परवडतो की नाही एवढेच न पाहता, व्याजदर दोन-तीन टक्क्यांनी वाढला आणि घरातील एक पगार सहा महिने बंद पडला तर काय, हे आधी तपासावे. २०१६ च्या रेरा कायद्याने दिलेली हत्यारे वापरावीत: प्रकल्पाची नोंदणी पाहावी, नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरने मागितल्यास ती देऊ नये, ताबा लांबल्यास व्याजासह परतावा मागण्याचा हक्क सोडू नये. ग्राहकांच्या पैशापैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात राहिली पाहिजे, हे कायदा सांगतो. तो पाळला जातो की नाही हे एकटा ग्राहक पाहू शकत नाही, ग्राहकांची संघटना पाहू शकते. बांधून पुरे झालेले घर थोडे महाग पडले तरी अपुऱ्या इमारतीची जोखीम त्यात नसते. शहराबाहेरच्या शेतजमिनीचे गुंठे, बिगरशेती परवाना व स्वच्छ सातबारा पाहिल्याशिवाय, केवळ दलालाच्या शब्दावर घेऊ नयेत. आणि म्हातारपणाची संपूर्ण पुंजी, भाव वाढतील या भरवशावर, कर्ज काढून दुसऱ्या घरात मुळीच घालू नये. ज्याला बाजार पडल्यावर दहा वर्षे थांबता येते तोच या खेळात टिकतो; निवृत्त कामगाराकडे पैसा जसा मोजका असतो, तशीच वर्षेही मोजकीच असतात.

परंतु वैयक्तिक सावधगिरी ही ढाल आहे, उपाय नव्हे. निवारा बाजाराच्या चढउतारातून सोडवता येतो याचे दाखले इतिहासात आहेत. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने श्रीमंतांवर कर बसवून साठ हजारांहून अधिक सार्वजनिक घरे बांधली. फेब्रुवारी १९३४ मध्ये प्रतिगाम्यांनी तेथील कार्ल मार्क्स हॉफवर तोफा डागल्या, तरी ती वसाहत आजही उभी आहे. केरळात २०१६ साली सुरू झालेल्या 'लाइफ' योजनेतून चार लाखांहून अधिक घरे उभी राहिली. सोलापुरात कॉ. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले आणि २००६ साली गोदावरी परुळेकर घरकुलातील दहा हजार घरे मिळवली. त्यापाठोपाठ कुंभारी येथील रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पहिल्या पंधरा हजारांचे वाटप जानेवारी २०२४ मध्ये झाले. ही घरे भाव वाढतील म्हणून बांधली गेली नाहीत. माणसांना राहावयाचे आहे म्हणून बांधली गेली.

यास्तव चळवळीच्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत: शहरी जमिनीवरील कमाल धारणेचा कायदा पळवाटा बुजवून पुन्हा आणावा, वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवलेल्या घरांवर चढता कर बसवावा, बंद गिरण्या-कारखान्यांच्या व सार्वजनिक उद्योगांच्या जमिनी बिल्डरांना न विकता त्यांवर शासनाने माफक भाड्याची घरे बांधावीत, पहिल्या व एकमेव घराच्या कर्जाला निश्चित व्याजदराचे संरक्षण द्यावे, दिवाळखोरीच्या प्रकरणांत घरग्राहक व बांधकाम कामगार यांची देणी बँकांच्या आधी भागवावीत, आणि सर्व कामगारांना निश्चित पेन्शन मिळावी. यांतील शेवटची मागणी घरांच्या प्रश्नापासून दूरची वाटेल, पण ती त्याच्या मुळाशी आहे. म्हातारपणाची भाकर ज्याला हमखास मिळणार आहे, तो कामगार आपली पुंजी घेऊन सट्ट्याच्या बाजारात जाणार नाही.

फसवल्या गेलेल्या घरग्राहकांच्या सभा आणि मजुरी थकलेल्या बांधकाम कामगारांचे मोर्चे आज एकमेकांना अनोळखी आहेत. एका इमारतीचा पैसा ज्यांनी भरला आणि तीच इमारत ज्यांनी उभारली, त्या दोघांनाही एकाच हाताने लुबाडले आहे. या दोघांना एका मागणीपत्रकाखाली आणणे हे शहराशहरांतील पक्षशाखांचे तातडीचे काम आहे. आणि ते पुढची मंदी येण्याआधी हाती घेतले पाहिजे, कारण ती आल्यावर दोघांच्याही हाती थकबाकीचे कागदच उरतील.